तबकडी उलटून पाहा

एल्व्हिस प्रेस्लीचं नाव निघालं की हल्ली पाच मिनिटांत वाद पेटतो. परवा एका मित्राकडे पेटला. त्याच्याकडे जुन्या रेकॉर्डींचा बऱ्यापैकी साठा आहे. जेवणं उरकली की तो एकेक काढतो, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी हलक्या हाताने पुसतो आणि लावतो. त्या दिवशी माझी कॉलेजात शिकणारी भाची बरोबर होती. ‘हाउंड डॉग’ सुरू झालं तशी ती म्हणाली, ‘‘मामा, हे ढापलेलं गाणं आहे. मूळ एका काळ्या बाईचं. ह्या गोऱ्याने उचललं आणि राजा झाला.’’ मित्र उखडला. ‘‘संगीताला कुठे जात असते गं? ज्याला भावलं त्याने गायलं. उलट ह्याच गाण्यांनी अमेरिकेतली काळी-गोरी पोरं एकत्र नाचायला लागली.’’ पुढचा अर्धा तास दोघं हीच दोन वाक्यं आवाज चढवून म्हणत राहिले.

हा वाद सगळीकडे असाच चालतो, आणि मला दोन्ही पक्ष एकाच चुकीत अडकलेले दिसतात. दोघंही गायकाच्या गळ्यात डोकावतात. एकाला तिथे चोरीचा माल दिसतो, दुसऱ्याला विश्वबंधुत्व. सुरुवातीच्या रॉक अँड रोलमध्ये लूट झाली, चांगली घसघशीत झाली; पण ती शोधायची तर गळा सोडून कागद बघावा लागतो. गाण्याखाली नाव कुणाचं छापलं, हक्क कुणाकडे गेले, करारावर सही कुणी केली आणि किती पैशांत, हे प्रश्न विचारले की ह्या संगीताच्या प्रभावाचा सगळा इतिहास वेगळा दिसायला लागतो.

पुरावा त्याच फिरत्या तबकडीवर होता. जुलै १९५६ मध्ये आरसीए व्हिक्टरने काढलेली ४५ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी, छोटी रेकॉर्ड: मधे मोठं भोक, काळं लेबल, वर भोंग्यापुढे कान देऊन बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ते कुणी रचलं ते छापलेलं असतं आणि सहसा कुणी वाचत नाही. ‘हाउंड डॉग’खाली आहे लीबर आणि स्टोलर. उलटून पाहिलं तर ‘डोन्ट बी क्रूएल’खाली ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. त्या उन्हाळ्यात ही दोन्ही गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली; अकरा आठवडे तबकडी तिथून हलली नाही.

आधी पहिली बाजू. ‘हाउंड डॉग’ सर्वांत आधी गायली विली मे थॉर्नटन, म्हणजे ‘बिग मामा’, ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला. १९५३ साली रेकॉर्ड बाजारात आली आणि रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे मुख्यतः काळ्या श्रोत्यांच्या गाण्यांच्या, यादीत सात आठवडे पहिली राहिली. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकण्यासारखी आहेत. थॉर्नटनबाईंचं गाणं संथ, गुरगुरणारं. फुकट खाऊन पडून राहणाऱ्या पुरुषाला एक खमकी बाई दाराबाहेर काढते आहे, आणि गिटार मधूनमधून तिच्या बोलण्याला ‘हो ना, काढच’ म्हणाल्यासारखी साथ देते. एल्व्हिसच्या गाण्यात ती बाईही नाही आणि तो पुरुषही नाही. उरलाय तो खराखुरा कुत्रा, ज्याला ससा पकडता येत नाही. हे बदललेले शब्द एल्व्हिसचे नव्हेत. लास वेगासला फ्रेडी बेल आणि त्याची गोरी मंडळी हे गाणं गंमत म्हणून वाजवायची, तिथे त्याने ते उचललं. म्हणजे ज्याला आपण ‘काळ्या बाईची नक्कल’ म्हणतो ती मुळात एका गोऱ्या बँडने केलेल्या विनोदाची नक्कल. आणि गाणं रचणारे? जेरी लीबर आणि माइक स्टोलर, तेव्हा १९ वर्षांची दोन ज्यू पोरं.

मग थॉर्नटनबाईंवर अन्याय झालाच नाही का? झाला की. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ह्या गाण्याचे त्यांना मिळाले एकूण ५०० डॉलर. पण ते देणारा होता ह्यूस्टनच्या पीकॉक रेकॉर्ड्सचा मालक डॉन रोबी, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय होता. लीबर-स्टोलर सांगायचे की आम्हालाही त्याने १२०० डॉलरचा चेक दिला आणि तो वटला नाही. दुसऱ्यांनी रचलेल्या गाण्यांवर ‘डेड्रिक मलोन’ हे टोपणनाव टाकून हक्क स्वतःकडे ठेवायचा ह्या रोबीचा शिरस्ता होता. माझ्या भाचीच्या मांडणीत ह्या माणसाला बसायला जागाच नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल कुणी आवाज चढवत नाही. ओटिस ब्लॅकवेल हा ब्रुकलिनचा कृष्णवर्णीय गीतकार. १९५५च्या नाताळात हाताशी पैसे नव्हते म्हणून त्याने २५-२५ डॉलर घेऊन सहा गाणी देऊन टाकली. ‘डोन्ट बी क्रूएल’ त्यातलंच. पुढे एल्व्हिसच्या मंडळींकडून निरोप आला की गाणं हवंय, पण रचनाकार म्हणून प्रेस्लीचं नाव लागेल आणि निम्मी रॉयल्टी तिकडे जाईल. ब्लॅकवेलने मान्य केलं. एल्व्हिसने त्या गाण्याचा एक शब्द लिहिला नव्हता की एक सूर बांधला नव्हता. दोघांची कधी भेटही झाली नाही, असं सांगतात. ब्लॅकवेलने नंतर ह्याबद्दल फारशी कुरकुर केली नाही, आणि त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे: कुणी न ऐकलेल्या गाण्याच्या अख्ख्या भाकरीपेक्षा लाखोंनी विकत घेतलेल्या गाण्याची अर्धी भाकरी मोठी. पण ती भाकरी कुठे मोडायची हे ठरवणारा हात कुणाचा होता? एकाच तबकडीची एक बाजू गेली सत्तर वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि दुसऱ्या बाजूवर लिखित स्वरूपात घडलेली गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. गळ्यात डोकावायच्या सवयीचा हा परिणाम.

भाचीची बाजू मी हलकी करतोय असं वाटू नये. तिच्या म्हणण्यातला सर्वांत भक्कम भाग असा: समान हुन्नर असूनही कातडीच्या रंगामुळे एकाला दार उघडं होतं आणि दुसऱ्याला बंद. हे शंभर टक्के खरं आहे. लिटल रिचर्डने सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘टुटी फ्रुटी’ गायलं. पॅट बून नावाच्या गुळगुळीत गोऱ्या गायकाने लगेच त्याची इस्त्री केलेली आवृत्ती काढली आणि मुख्य यादीत ती मूळ गाण्याच्या वर गेली. बूनचं ते गाणं आज ऐकवत नाही, एखाद्या हेडमास्तरांनी गॅदरिंगमध्ये लावणी म्हणावी तसं वाटतं. किंवा नॅट किंग कोल घ्या. इतका सोज्वळ, इतका लोकप्रिय गायक. नोव्हेंबर १९५६ मध्ये एनबीसीने त्याचा टीव्ही कार्यक्रम सुरू केला, पण देशभर जाहिरात देणारा एकही मोठा प्रायोजक काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला नाव जोडायला तयार झाला नाही. डिसेंबर १९५७ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. त्याच काळात एल्व्हिस एड सलिव्हनच्या कार्यक्रमात आला आणि सुमारे ६ कोटी लोकांनी तो पाहिला. दार बंद होतं हे नाकारायचं कसं?

पण बंद दार आणि चोरी ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की दोन्ही पातळ होतात. दार एल्व्हिसने बंद केलं नव्हतं. १९५६ साली शार्लट शहरात एका वार्ताहराला त्याने सरळ सांगितलं होतं की मी जे गातो ते कृष्णवर्णीय लोक माझ्या कितीतरी आधीपासून गाताहेत, आणि आर्थर क्रुडप ह्या कृष्णवर्णीय गायकाचं नाव घेऊन सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्याच्या तोंडी काळ्या लोकांविषयी एक घाणेरडं वाक्य घातलं गेलं. कृष्णवर्णीयांच्या ‘जेट’ ह्या साप्ताहिकाने छडा लावला आणि त्यात काही तथ्य नसल्याचं छापलं. ते वाक्य मात्र अजून फिरतंय. एखाद्याला खलनायक करायचं ठरलं की पुरावे मागून येतात.

शैलीची चोरी होते का, हा ह्यातला मूळ प्रश्न. मला वाटतं, होत नाही, आणि होऊही नये. चक बेरीने मे १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी ‘मेबेलिन’ गायलं. त्याचा पाया आहे ‘आयडा रेड’ हे गोऱ्या खेडुतांचं फिडलवर वाजणारं जुनं गाणं. काळ्या बेरीने गोऱ्यांची चाल घेतली, तिच्यावर मोटारींची शर्यत घातली, गिटारला हॉर्नसारखं वाजवलं आणि पुढच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक गिटारवाल्याला शाळेत घातलं. लिव्हरपूलच्या बीटल्सपासून रोलिंग स्टोन्सपर्यंत सगळे त्याच शाळेतले. बेरीने चोरी केली असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग तोच न्याय उलट दिशेला का नको?

इथे माझा मित्र खूश होऊन मांडीवर थाप मारेल, म्हणून ‘मेबेलिन’चा कागदही दाखवतो. गाणं बेरीने रचलं. रचनाकार म्हणून नावं लागली तीन. दुसरं नाव ॲलन फ्रीडचं. हा क्लीव्हलंडचा रेडिओ निवेदक. १९५१ पासून रात्री उशिरा ‘मूनडॉग’ नावाने काळ्यांची गाणी गोऱ्या पोरांना ऐकवणारा, ‘रॉक अँड रोल’ हे नाव लोकप्रिय करणारा, मार्च १९५२ मध्ये त्याने भरवलेल्या जलशाला इतकी गर्दी लोटली की पोलिसांना तो बंद पाडावा लागला. ‘संगीताला रंग नसतो’ म्हणणाऱ्यांचा हा आद्य संत. आणि ह्याच संताचं नाव बेरीच्या गाण्याच्या मिळकतीत वाटेकरी म्हणून बसलं, कारण त्याने गाणं रेडिओवर लावलं तरच ते चालणार होतं. ते नाव काढून पूर्ण हक्क परत मिळवायला बेरीला १९८६ उजाडलं. काळ्या संगीतावर फ्रीडचं खरंखुरं प्रेम होतं हे मला मान्य आहे. प्रेम आणि वाटा एकाच माणसाला एकाच वेळी हवे असू शकतात, आणि गोची तिथेच आहे.

बरं, ‘श्रेय तरी द्या’ अशी एक मवाळ मागणी असते. नाव छापलं की न्याय झाला, असं मानणारे पुष्कळ. त्यांनी क्रुडपची गोष्ट ऐकावी. मिसिसिपीच्या आर्थर ‘बिग बॉय’ क्रुडपने १९४६ साली ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिसने ते म्हटलं आणि तिथून सगळा महापूर सुरू झाला. सनच्या त्या पहिल्या रेकॉर्डवर रचनाकार म्हणून क्रुडपचंच नाव आहे, स्वच्छ, एकट्याचं. गायकानेही जाहीर ऋण मानलं. तरी क्रुडप शेतमजुरीच करत राहिला, कारण हक्क वरच्यावर दुसऱ्यांच्या हातात गेले होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थकलेल्या रॉयल्टीपोटी ६०,००० डॉलरचा समझोता ठरला. म्हातारा मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेला, त्याने सह्या केल्या, आणि ऐन वेळी पलीकडच्या बाजूने सही करायला नकार दिला. १९७४ मध्ये तो वारला. वारसांच्या हाती पैसे पडले ते त्यानंतर. इथे श्रेय होतं, कृतज्ञता होती, नाव अगदी बरोबर छापलं होतं. काय कमी होतं?

आता मित्राचं दुसरं वाक्य: ह्या गाण्यांनी काळे-गोरे जवळ आणले. ह्यात तथ्य आहे, आणि त्याचं कारण संगीताच्या जादूपेक्षा यंत्रांत आहे. पन्नासच्या दशकात टीव्हीने रेडिओची नाटकं आणि मोठ्या जाहिराती पळवल्या. स्थानिक केंद्रांना वेळ भरायला स्वस्त माल हवा होता. रेकॉर्ड लावणं सर्वांत स्वस्त. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सगळा कार्यक्रमच कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली (मालक गोरे होते, हेही सांगून टाकतो). १९५४ साली खिशातला ट्रान्झिस्टर आला, ४५ची तबकडी शाळकरी पोराच्या हातखर्चात बसायला लागली. दक्षिणेतल्या बसमध्ये मागची बाकं काळ्यांची होती. रेडिओत मागची बाकं नव्हती. रात्री उशीखाली रेडिओ ठेवून गोरं पोर काय ऐकतंय हे ना बापाला कळत होतं ना शेरीफला. त्याचा परिणाम मोजताही येतो. ‘टुटी फ्रुटी’ला पॅट बून पुढे होता, १९५६ साली लिटल रिचर्डच्या पुढच्याच रेकॉर्डला, ‘लाँग टॉल सॅली’ला, बूनने पुन्हा तोच डाव टाकला आणि ह्या वेळी तो मागे पडला. मुलांनी अस्सल मागितलं. वर्णवर्चस्ववाद्यांना हे आपल्याआधी कळलं होतं. १० एप्रिल १९५६ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅमला त्यांच्या टोळक्याने मंचावर चढून हल्ला केला तो नॅट किंग कोलवर, म्हणजे रॉक अँड रोल न गाणाऱ्यावर. समोरचे प्रेक्षक फक्त गोरे होते. काळ्यांसाठी खेळ वेगळा ठेवलेला होता.

ह्या शेवटच्या तपशिलावर मित्राने थोडं थांबावं. ज्या सभागृहात काळ्या-गोऱ्यांचे खेळच वेगळे होते, तिथे टाळ्या एकाच गाण्याला पडत होत्या म्हणून खुर्च्या एकत्र आल्या नाहीत. त्याच अलाबामात, मॉन्टगोमेरीला, कृष्णवर्णीय माणसं ३८१ दिवस बसमध्ये पाय न ठेवता कामावर चालत गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बसमधली रेघ पुसली गेली. ते काम ज्यूकबॉक्सच्या खात्यावर लिहिणं हा त्या पायपिटीचा अपमान आहे. गाण्याने कान सैल केले. मालकी सैल केली नाही. एखाद्या समाजाची भाजी-भाकरी आवडीने खाणारा त्याला घर भाड्याने देईलच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

‘‘पण तू सगळं पैशांवर आणतोस,’’ असा आक्षेप त्या रात्रीही आला. आम्ही संस्कृतीबद्दल बोलतोय, तू खतावणी उघडून बसलास! मला हा भेदच पटत नाही. स्मृती जपायलाही पैसा लागतो. विजेच्या गिटारवर भजनं वाजवत चाळीसच्या दशकातच ह्या सगळ्या ठेक्याची वाट दाखवणारी सिस्टर रोझेटा थार्प १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारली. पस्तीस वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. पन्नाशीच्या दशकात जिच्या गाण्यांवर अटलांटिक कंपनी उभी राहिली ती रूथ ब्राउन साठच्या दशकात शाळेची बस चालवत होती, लोकांच्या घरी कामं करत होती. तिने भांडून, वकील लावून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुने हिशेब पुन्हा मांडायला लावले, आणि त्यातून तिच्यासारख्यांच्या मदतीसाठी एक प्रतिष्ठानही उभं राहिलं. तिने कुणाला चोर म्हणण्यात वेळ घालवला नाही, तिने कागद मागितले.

कायदा तर ह्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट मिळाला तो फेब्रुवारी १९७२ पासून. आणि तिथलं साधं रेडिओ केंद्र गाणं लावतं तेव्हा पैसे रचनाकाराला जातात, गाणाऱ्याला आजही एक पैसा मिळत नाही. थॉर्नटनबाईंचं गुरगुरणं रेडिओवर लागलं तरी त्यांना शून्य, एल्व्हिसलाही शून्य. म्हणूनच तर गाण्याखालच्या त्या बारीक ओळीसाठी एवढी ओढाताण. थॉर्नटनबाईंनी ‘बॉल अँड चेन’ स्वतः रचलं, जॅनिस जॉप्लिन ह्या गोऱ्या गायिकेने ते त्यांची परवानगी मागून गायलं, गाजवलं. तेव्हाही हक्क आधीच एका कंपनीकडे अडकलेले होते. कुठल्याही बाजूने बघा, दोघींत चोर कोण?

आपल्याकडे ही लाट आली ती मुंबईच्या स्टुडिओंतून, आणि आणली एका मराठी माणसाने. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, ह्यांचं १९५७ सालचं ‘ईना मीना डीका’ हे रॉक अँड रोलचं आपलं पहिलं सणसणीत रूप. त्यातलं ‘माका नाका’ हे चक्क कोंकणी, कारण स्टुडिओत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि व्हायोलिन धरून बसलेली माणसं बव्हंशी गोव्याची. चिक चॉकलेट नावाने गाजलेला आंतोनियो शावियेर वाझ हा ट्रम्पेटवाला रामचंद्रांचा सहायक होता. पाश्चात्त्य वाद्यमेळाची बांधणी, स्वरलेखन, मधले तुकडे हे सगळं ह्या मंडळींच्या हातचं. पडद्यावर नाव संगीतकाराचं आणि हातात त्या दिवसाची बिदागी. एल्व्हिसवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी कधी ह्या गोव्याच्या माणसांचा हिशेब मागितला आहे? गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा करारात लिहून देऊन टाकता येणार नाही, अशी तरतूद आपल्या कायद्यात आली २०१२ मध्ये. गायकांच्या रॉयल्टीचा हक्कही तेव्हाच पक्का झाला.

त्या रात्री शेवटी मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी मागणी केली की रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, ठरलेले पैसे घेतले, विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. बरोबर कोण होतं? भाची क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘लताबाई. ऑफ कोर्स.’’ मित्र रफीचा निस्सीम भक्त. ‘‘रफीसाहेब देवमाणूस होते,’’ एवढंच बोलला आणि चहा टाकायला उठला. ते मलाही मान्य आहे. पण मी ते विचारलं नव्हतं.